तेल प्यालेलं लाकूड

1812 सालच्या 29 डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्यासमोर 'कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकी युद्धनौकेची 'जावा' या इंग्रजी फ्रिगेटशी गाठ पडली. काही तासांत जावाच्या डोलकाठ्या कोसळल्या, कप्तान हेन्री लँबर्ट प्राणघातक जखमी झाला आणि जहाज शरण आलं. ते ओढून नेण्यासारखंही उरलं नव्हतं, म्हणून अमेरिकनांनी माणसं उतरवून घेतली आणि जहाज पेटवून दिलं. त्या जहाजावर हिंदुस्थानातल्या नेमणुकीवर निघालेला थॉमस हिस्लॉप नावाचा सेनाधिकारी होता. हाच हिस्लॉप पाच वर्षांनी, 1817 च्या डिसेंबरात, महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर उभा ठाकला.

मुंबईचं नुकसान मात्र वेगळंच झालं. जावाच्या पोटात तांब्याचे पत्रे होते. मुंबईच्या गोदीत तयार होत असलेल्या 74 तोफांच्या एका जहाजाच्या आणि ब्रिग जातीच्या दोन लहान जहाजांच्या तळाला ठोकण्यासाठी ते निघाले होते. 'ट्रिंकोमाली' नावाच्या नव्या फ्रिगेटचे आराखडेही त्याच जहाजात होते. पत्रे गेले, आराखडेही गेले. आराखड्यांची दुसरी प्रत पुढे पाठवण्यात आली.

सागवान मलबारचं, कारागीर मुंबईचे, गोदीही मुंबईची. मग अर्ध्या जगाला वळसा घालून तांबं कशासाठी आणायचं?

त्याचं कारण पाण्याखाली राहणारा एक मऊ, पांढुरका जीव. दिसायला अळीसारखा, म्हणून इंग्रज दर्यावर्दी त्याला किडाच म्हणत, पण तो शिंपल्यांच्या कुळातला आहे. शास्त्रीय नाव टेरेडो. त्याचं पिल्लू टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून लाकडात शिरतं आणि आतल्या आत वाढत जातं. बाहेरून पाहावं तर फळी धडधाकट, कापून पाहावं तर आत मधमाश्यांचं पोळं. त्याच्या जोडीला कालवं, बार्नेकल आणि शेवाळ. ही मंडळी लाकूड खात नाहीत, पण तळाला चिकटून जहाजाचा वेग खातात. उष्ण समुद्रात या सगळ्यांचं चांगलंच फावतं. सागवान चिवट खरं, त्याच्या अंगात तेल असतं, ओकच्या लाकडातलं आम्ल जसं लोखंडी खिळे खाऊन टाकतं तसं सागवानात होत नाही. तरीही पाण्याखाली उघडं ठेवलं तर टेरेडो सागवानालाही कायमचं सोडत नाही.

मुंबई-सुरतेच्या जहाजांच्या दीर्घायुष्याची गोष्ट निघाली की सगळं श्रेय सागवानाला आणि ती बांधणाऱ्या वाडिया घराण्याला दिलं जातं. ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. बांधून झालेल्या जहाजाच्या अंगावर दर हंगामात काहीतरी चढवणारे, चोळणारे, खरवडणारे हात या गोष्टीतून गळून पडले आहेत. इतिहासात त्यांची नावं नाहीत. त्यांनी वापरलेल्या वस्तूंची नोंद मात्र आहे, आणि ती बरीच जुनी आहे.

इब्न जुबैर हा अंदलुसी यात्रेकरू 1183 मध्ये तांबड्या समुद्रातल्या ऐधाब बंदरातून जेद्दाला गेला. तिथल्या नावांना एकही खिळा नव्हता. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या होत्या. अशा नावेला तूप, एरंडेल किंवा मुशीचं तेल चोपडतात आणि त्यात मुशीचं तेल सर्वांत उत्तम, असं त्याने लिहून ठेवलं आहे. कारणही दिलं आहे: लाकूड मऊ आणि लवचीक राहावं, कारण त्या समुद्रात खडक फार. पुढे शंभरेक वर्षांनी मार्को पोलोने होर्मुझच्या नावा पाहिल्या. त्याही काथ्याने शिवलेल्या, त्यांनाही डांबर नाही, माशाचं तेल चोळलेलं. मार्को पोलोला त्या नावा अगदीच कुचकामी वाटल्या. व्हेनिसच्या माणसाला खिळ्यांशिवायचं जहाज पटणं कठीणच होतं. पण काथ्या हिंदी महासागराच्या काठावरचा होता, आणि ज्या किनाऱ्यावर नारळ आणि मासळी मुबलक होती त्या किनाऱ्याने जहाजाचं अंग राखण्यासाठी हाताशी असलेल्याच वस्तू वापरल्या.

महाराष्ट्रात लाठीला तेल पाजतात, नव्या वहाणांना तेल पाजतात. नावेच्या लाकडालाही तेल पाजावंच लागतं, आणि 'पाजणं' हेच क्रियापद त्याला नेमकं लागू पडतं. रंगासारखा वर बसणारा हा थर नव्हे. तेल लाकडाच्या रंध्रांत उतरतं, तिथे पाण्याला जागा उरत नाही, आणि उन्हापाण्याच्या फेऱ्यांत लाकूड तडकत नाही. कोकणात मुशीच्या काळजाचं तेल आणि तारलीचं तेल या कामी आलं. पोर्तुगिजांमुळे काजू इथे रुजल्यावर काजूच्या टरफलांचं तेलही त्यात सामील झालं. हातावर पडलं तर कातडी भाजून काढणारं ते काळं, चिकट तेल किड्याला नकोसं होतं यात नवल नाही.

जॉन हेन्री ग्रोज हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर 1750 मध्ये मुंबईला आला. त्याच्या प्रवासवर्णनात सुरतेच्या जहाजांबद्दल एक मोलाचा परिच्छेद आहे. तिथले सुतार फळीच्या कडेला खाच पाडून दुसरी फळी तिच्यात अशी बसवत की सगळं अंग एकाच लाकडाचं वाटावं. आणि तळाला अधूनमधून एक तेल चोळून जिरवत. ग्रोज त्याला 'वुड-ऑइल', म्हणजे लाकडाचं तेल, म्हणतो. फळ्या ते शोषून घेतात, त्याने त्यांचं पोषण होतं आणि त्या कुजत नाहीत, असं त्याचं निरीक्षण आहे. पोषण ही कल्पना एका इंग्रजाच्या लिखाणात यावी हे लक्षात घेण्यासारखं आहे. बहुधा सुरतेच्या सुतारांशी बोलूनच ती त्याच्या कानावर आली असावी.

तेलाच्या जोडीला चुना. युल आणि बर्नेल यांच्या हॉब्सन-जॉब्सन या कोशात 'गलगल' असा एक शब्द नोंदलेला आहे: चुना आणि तेल घोटून केलेला, पाणी शिरू न देणारा लेप. फळ्यांच्या सांध्यांत काथ्या किंवा कापूस ठासायचा, त्यावर राळ आणि तेल, आणि पाण्याखाली राहणाऱ्या भागावर चुन्याचा हात. इराणी आखातातल्या कुवेतच्या खलाशांनी हीच रीत विसाव्या शतकापर्यंत चालवली. ते चुना आणि बकऱ्याची वितळलेली चरबी एकत्र करून गरम असतानाच हाताने तळाला फासत. चुना आणि चरबी मिळाली की साबणाच्या जातीचा पदार्थ तयार होतो, फक्त हा साबण पाण्यात विरघळत नाही. तो हळूहळू झिजतो, आणि झिजताना त्यावर बसू पाहणाऱ्या जीवांनाही घेऊन गळतो. कोकणात चुना भाजायचा तो शिंपल्यांचा. म्हणजे शिंपल्याच्या कुळातल्या किड्याला शिंपल्याच्याच राखेने अडवलं गेलं.

या सगळ्या लेपांत एक अडचण होती. ते काही महिनेच टिकत. म्हणून जहाज वारंवार पाण्याबाहेर काढावं लागे, आणि पश्चिम किनाऱ्यावर त्याचं वेळापत्रक पावसाने आखून दिलेलं होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्र खवळण्याआधी आरमार सुरक्षित जागी छावणीला न्यावं, जागा किल्ल्याच्या आश्रयाची असावी, याची काळजी त्यात बारकाईने घेतलेली आहे. राज्यकारभाराच्या ग्रंथात जहाजांच्या पावसाळ्याची इतकी चिंता असावी, यावरूनच ते काम किती मोठं होतं ते कळतं. मराठ्यांचं आरमार लढायला आठ महिने मोकळं असे, आणि उरलेल्या चार महिन्यांत त्याची जहाजं पुन्हा लढण्याजोगी व्हायची.

या छावणीसाठी जहाजं खाडीत वर नेऊन थांबवण्याचा आणखी एक फायदा होता. पावसाळ्यात कोकणातल्या खाड्यांना डोंगरातून इतकं पाणी येतं की वरच्या अंगाला खारेपणा जवळजवळ नाहीसा होतो. टेरेडो खाऱ्या पाण्यातला जीव, गोड्या पाण्यात तो फार काळ तग धरत नाही. म्हणजे खाडीत वर नांगरलेल्या गलबताचं निम्मं औषध पाऊसच करून जाई.

विजयदुर्गाजवळ, वाघोटन खाडीच्या काठी गिर्ये गावाशी या व्यवस्थेची एक ठळक खूण अजून उभी आहे. खडकात खोदून आणि बाजूंना भिंती घालून केलेली ती गोदी सुमारे 109 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद आहे. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला पाणी निघून गेलं की तळ उघडा पडतो. मग खरवडणं, सांधे भरणं, तेल, राळ, चुना. ही गोदी आंग्र्यांच्या काळातली मानली जाते. आज तिथे उभं राहिलं की तळाला गाळ आणि काठाला झाडी दिसते, पण तिच्या मापावरून आंग्र्यांच्या आरमाराचा आवाका लगेच डोळ्यांसमोर येतो.

त्या आरमाराचा शेवटही इथेच झाला. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. पेशव्यांची फौज जमिनीवरून त्यांच्या बाजूने होती, ही मराठी इतिहासातली एक दुखरी जागा. किल्ल्याच्या आश्रयाला तुळाजी आंग्र्यांची जहाजं एकमेकांना बांधून ठेवलेली होती. तोफेचा एक गोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी कंपनीकडूनच जिंकलेलं होतं. ते पेटलं आणि बघता बघता सगळं आरमार जळून गेलं. सुकं सागवान, काथ्याचे दोर, सांध्यांतली राळ आणि हंगामामागून हंगाम पाजलेलं तेल: किड्यापासून जहाज वाचवणाऱ्या या सगळ्या वस्तू आगीचं खाद्यही होत्या.

मुंबईत तोवर वेगळी सोय उभी राहिली होती. लवजी नसरवानजी वाडिया 1736 च्या सुमारास सुरतेहून मुंबईला आले. कंपनीने 1750 मध्ये इथे दगडी सुकी गोदी पुरी केली, आणि पुढच्या पंधरा वर्षांत तिला जोडून आणखी दोन बांधल्या. मुंबईची भरती मोठी, उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, त्यामुळे गोदी भरणं आणि रिकामी करणं सोपं होतं. आशियातली ही पहिली सुकी गोदी म्हणून तिचा गौरव होतो, पण तिचं युद्धातलं मोल ध्यानात घेतलं जात नाही. 1782 मध्ये बंगालच्या उपसागरात इंग्रज अॅडमिरल ह्यूज आणि फ्रेंच सफ्रां यांच्या लागोपाठ लढाया झाल्या. वर्षाअखेरीस ह्यूज आपली मोडकी, शेवाळलेली जहाजं घेऊन मुंबईला आला आणि गोदीत त्यांची डागडुजी करून घेऊ शकला. सफ्रांला त्या सबंध महासागरात अशी एकही गोदी नव्हती.

तांब्याचा प्रयोग इंग्लंडमध्ये 1761 मध्ये 'अलार्म' या फ्रिगेटवर सुरू झाला. तिचा तळ पातळ तांब्याच्या पत्र्यांनी मढवून तिला वेस्ट इंडीजला पाठवलं. दोन वर्षांनी पाहिलं तर तळ स्वच्छ, किड्याचं नाव नाही. पण पत्रे जिथे लोखंडी खिळ्यांना टेकले होते तिथे लोखंडाचा चिखल झाला होता. काही ठिकाणी मात्र पत्र्यासोबत आलेला तपकिरी कागद मध्ये राहून गेला होता, आणि तिथले खिळे शाबूत होते. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले की त्यातला एक दुसऱ्यासाठी झिजतो, हे त्या कागदाच्या चिटोऱ्यांनी दाखवून दिलं. त्या वेळी यामागची वीज कुणाला ठाऊक नव्हती. 1780 च्या आसपास ब्रिटिश आरमाराने सरसकट तांबं स्वीकारलं, आणि मग लोखंडाच्या जागी तांब्याच्या मिश्रधातूचे टणक खिळे आले.

वीज समजली ती हंफ्री डेव्हीला. तांबं किडा अडवतं पण स्वतः झिजतं, आणि पत्रा महाग. ही झीज थांबवण्यासाठी डेव्हीने 1824 मध्ये तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडून पाहिले. झीज त्या तुकड्यांनी स्वतःवर घेतली. प्रयोगाला घेतलेल्या जहाजांपैकी 'समरांग' ही आपल्याच किनाऱ्यावरची, 1822 मध्ये कोचीनला पाण्यात सोडलेली. तिचं तांबं खरोखरच झिजायचं थांबलं. आणि तळावर शेवाळ व बार्नेकल यांची दाटी झाली! झिजताना पाण्यात सुटणारं तांबंच तर त्या जीवांना विष होतं. पत्रा राखला की तळ घाण होतो, तळ राखायचा तर पत्रा जाऊ द्यायचा. आरमाराने डेव्हीची युक्ती लवकरच सोडून दिली. जहाजाच्या रक्षणाच्या सबंध इतिहासात यापेक्षा बोलका प्रयोग क्वचितच झाला असेल. कुवेतचा चुना-चरबीचा लेप झिजत होता म्हणूनच काम करत होता, तांब्याचंही नेमकं तसंच होतं.

डेव्हीची कल्पना वाया गेली नाही. आज पोलादी जहाजाच्या तळाला, सुकाणूजवळ, पंख्याजवळ जस्ताच्या लाद्या लावलेल्या असतात. त्या झिजतात, पोलाद वाचतं. मुंबईच्या ससून डॉकमध्ये किंवा हर्णैला ट्रॉलर वर काढला की झिजून आकार गेलेली जुनी लादी काढून नवी बसवणं हे ठरलेलं काम असतं.

जावासोबत जिचे आराखडे गेले ती ट्रिंकोमाली अखेर 12 ऑक्टोबर 1817 रोजी मुंबईत पाण्यात उतरली. बांधणारे जमशेदजी बमनजी वाडिया. इंग्लंडला पोचली तोवर नेपोलियनशी चाललेलं युद्ध संपलेलं होतं, त्यामुळे तिच्यावर छप्पर घालून तिला राखीव ठेवण्यात आलं. पंचवीस वर्षांहून अधिक काळ ती तशीच छपराखाली उभी होती. कोकणात पावसाळ्यापुरती होडी झापांनी शाकारतात, पोर्ट्समथला मुंबईचं जहाज पाव शतक शाकारलेलं राहिलं. पुढे ती प्रवासाला गेली, प्रशिक्षणाचं जहाज झाली, आणि आता हार्टलपूल इथे दुरुस्त करून पाहण्यासाठी ठेवली आहे. मुंबईतच बांधलेली 'वेलस्ली' मात्र 1940 मध्ये टेम्स नदीत जर्मन विमानांच्या बाँबने बुडाली. सव्वाशे वर्षांत तिला जे झालं नाही ते विमानाने केलं.

लोखंडी जहाजं आल्यावर तांब्याचे पत्रे लावता येईनात, कारण लोखंडच झिजू लागलं असतं. म्हणून विष रंगात मिसळलं गेलं. विसाव्या शतकात, 1960 च्या दशकापासून, ट्रायब्यूटिल टिन हे कथिलाचं संयुग रंगात आलं. तळ वर्षानुवर्षं स्वच्छ राही. पण ते रंगापुरतं राहिलं नाही. फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांची शिंपलं वेडीवाकडी वाढू लागली, त्यांची पिल्लं जगेनात, आणि कालवं पोसणाऱ्यांचा धंदा बसला. फ्रान्सने 1982 मध्ये लहान बोटींवर त्याला बंदी घातली. जगभरासाठीचा करार 2001 मध्ये झाला आणि 17 सप्टेंबर 2008 पासून लागू झाला. कालवं जहाजावर नकोत, पण खाडीत हवीत, हे ठरवायला इतकी वर्षं लागली. आजचे बरेचसे रंग पुन्हा तांब्याकडे वळले आहेत.

कोकणच्या मच्छीमारांनी हा सगळा प्रवास तीन पिढ्यांत पाहिला आहे. आजोबांच्या होडीला मुशीचं तेल, वडिलांच्या नावेला काळा डांबरी हात, आणि नातवाच्या फायबरच्या होडीला जेलकोटचा चकचकीत थर. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने लाकूड टिकवण्याचे अनेक उपाय शोधले, रबराच्या झाडाचं लाकूड औषध पाजून होड्यांसाठी वापरून पाहिलं. फायबरला टेरेडो शिवत नाही, पण ऊन शिवतं. काही वर्षांत जेलकोटची चकाकी जाते, हात फिरवला की पांढरट भुकटी लागते, आणि मग घासणं, मेण लावणं, तडे भरणं आलंच. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. त्या दिवसांत किनाऱ्यावर ओळीने होड्या चढवलेल्या दिसतात, झापांच्या जागी निळी ताडपत्री, पण खरवडण्याचा आवाज तोच.

गोव्यात, मांडवीतल्या दिवाडी बेटावर, काही वर्षांपूर्वी हे सगळं उलट क्रमाने पाहायला मिळालं. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून नौदलासाठी एक शिडाचं जहाज बांधायला घेतलं होतं. केरळचे कारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या माणसांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या, सांध्यांत काथ्या ठासला, वर राळ. मार्को पोलोला नकोशी वाटलेली तीच रीत. 'कौंडिण्य' असं त्याचं नाव ठेवलं गेलं आणि 21 मे 2025 रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं. कोकणात होड्या वर ओढायला तेव्हा अकरा दिवस उरले होते.